प्रोबायोटिक पोटातून जिवंत पार होतात का? प्रोजेक्टच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय फायनल झाला एकदाचा. एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट, मी आणि स्नेहल, गाईड मॅडम. बाजारात मिळणारे प्रोबायोटिक पोटातल्या ॲसिडमधून आणि पुढे पित्तातून जाताना किती जिवंत उरतात ते मोजायचं. स्नेहलला कोंबुचा (आंबवलेला चहा) करायचा होता, पण मॅडम म्हणाल्या कोंबुचा दरवर्षी कोणीतरी करतंच, त्यापेक्षा लोक मेडिकलमधून आणून खरंच जे खातात ते बघा. पटलं. पुण्यात कुठल्याही फॅमिली डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिक लिहिलं की त्याच्याखाली एक प्रोबायोटिक असतंच, आणि पेशंट ते कधी चहाबरोबर घेतो, कधी उपाशी पोटी, कधी जेवण झाल्यावर आठवलं की.

व्याख्या लिहून ठेवते, व्हायव्हात विचारतात. २००१ साली अर्जेंटिनात कॉर्डोबाला एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांची बैठक झाली होती तिथली: पुरेशा प्रमाणात दिल्यास घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. फायदा होतो का हे माणसांवर ट्रायल करून बघावं लागतं, ते आमच्या लॅबच्या आवाक्यात नाही, तिकडे जायचंच नाही. जिवंत किती आणि कुठपर्यंत, एवढंच आपलं.

९ जानेवारी

गुरुवार, लाईट नाही, म्हणून खरेदी उरकली. कंपन्यांची नावं रिपोर्टमध्ये टाकायची नाहीत असं मॅडमनी बजावलंय, त्यामुळे कोड.

अ: साधी जिलेटिन कॅप्सूल, आत लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमची फ्रीझ ड्राय पावडर.
ब: बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्सचं सॅशे.
क: बॅसिलस क्लॉसायची ५ मिलीची प्लास्टिकची छोटी बाटली, आत नुसतं पाण्यासारखं सस्पेन्शन, लेबलवर २०० कोटी स्पोअर (जंतूची कवचबंद, झोपलेली अवस्था).
ड: सॅकरोमायसिस बोलार्डी, म्हणजे यीस्ट.
ई: अ सारखंच मिश्रण पण डिलेड रिलीज कॅप्सूलमध्ये, किंमत बघून स्नेहलनं दोनदा विचारलं हीच का म्हणून.

मेडिकलवाल्या काकांनी अ फ्रीजमधून काढून दिलं, बाकी सगळं रॅकवर. त्यांना विचारलं की फ्रीजमध्ये नाही ठेवलं तर काय होतं, ते म्हणाले "खोक्यावर लिहिलंय म्हणून ठेवतो बाळा". बरोबरच आहे. पण इथेच अर्धी गोष्ट आली. फ्रीझ ड्राय केलेला लॅक्टोबॅसिलस झोपलेला असला तरी उष्णता आणि दमट हवा लागली की मरत राहतो, म्हणून कंपन्या लेबलवर असतो त्यापेक्षा जास्त माल भरतात, एक्सपायरीपर्यंत आकडा टिकावा म्हणून. लेबलवरचा आकडा बनवतानाचा आहे की एक्सपायरीचा हे प्रत्येक खोक्यावर शोधलं, काहींवर स्पष्ट आहे, काहींवर भिंगानं पण सापडेना. एफएसएसएआयच्या (अन्नावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमात दिवसाच्या डोसमध्ये किमान १० कोटी सीएफयू (प्लेटवर वाढून ठिपका होणारे जिवंत जंतू) लागतात, ते सगळ्यांनी कागदावर तरी पार केलंय.

१५ जानेवारी

काल संक्रांत, आज बेसलाईन काउंट. किती मेले ते कळायला आधी किती होते ते माहीत हवं.

प्रत्येकाचे लाड वेगळे. अ आणि ई ला एमआरएस अगर (अगर म्हणजे प्लेटमध्ये जंतू वाढवायची जेली), त्यात सिस्टीन घालून, आणि अनएरोबिक जारमध्ये गॅस पॅक टाकून, कारण बिफिडोला ऑक्सिजन चालत नाही आणि कॅन्डल जारमध्ये मेणबत्ती विझली तरी बराच ऑक्सिजन उरतो. ड ला साबुरो अगर. क ला पीएच (आकडा जितका कमी तितकं ॲसिड कडक) थोडा वर नेलेला न्यूट्रियंट अगर, क्लॉसायला जरा अल्कलाईन आवडतं. ब ला ग्लुकोज यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अगर, पण त्याआधी सस्पेन्शन ७५ अंशाला अर्धा तास ठेवायचं, मग प्लेटिंग. लॅबमधल्या मामांनी वॉटर बाथचा काटा बघितला आणि म्हणाले "अहो मॅडम, हे तर उकडून मारताय तुम्ही सगळे". बाकीचे मेले असते खरंच, पण ब हे स्पोअर आहेत, त्यांना तो चटका बसला की ते उलट जागे होतात आणि प्लेटवर नीट उगवतात. ब च्या सॅशेवर जुनं नाव आहे, लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीनस, त्या नावाला भुलून कोणी साध्या लॅक्टोबॅसिलसच्या पद्धतीनं मोजलं तर काउंट कमी येणार.

अजून एक, पावडर पाण्यात कशी भिजवता त्यावर पण आकडा हलतो. फ्रीझ ड्राय पेशी कोरड्या असताना त्यांचं मेम्ब्रेन (पेशीचं बाहेरचं आवरण) चिरलेलं असतं, फ्रीजमधलं गार डिस्टिल्ड वॉटर ओतलं तर बऱ्याच पेशी तिथेच जातात. ३७ अंशाचं पेप्टोन सलाईन, आणि अर्धा तास शांत ठेवायचं. म्हणजे पोटात जायच्या आधी ग्लासातच काही जण गळतात.

२१ जानेवारी

पहिलं ॲसिड. मॅडमनी सांगितलं सगळ्यात कडक कंडिशनपासून सुरू करा. फार्माकोपियातलं सिम्युलेटेड गॅस्ट्रिक फ्लुइड: लिटरला २ ग्रॅम मीठ, ७ मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड, ३.२ ग्रॅम पेप्सिन, पीएच साधारण १.२. पेप्सिन महाग आहे म्हणून आधी बिनापेप्सिनचं. समांतर एक सेट पीएच २ ला.

अ ची प्लेट १.२ ला अर्ध्या तासातच कोरी. कोरी म्हणजे अगदी कमी पातळ केलेल्या सॅम्पलला सुद्धा काही नाही. पीएच २ ला थोडी जास्त टिकली, तास उलटेपर्यंत तीच गत. ब आणि क ढिम्म, झिरो अवरच्या आणि दोन तासांच्या प्लेट शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत. ड थोडा उतरला पण ठीकठाक.

लॅक्टोबॅसिलस का मरतो हे लिहून ठेवते. बाहेर प्रोटॉन एवढे दाटले की ते आत घुसायला लागतात, पेशीच्या आतला पीएच पडतो, एन्झाईम बंद पडतात, डीएनए खराब होतो. पेशीकडे ते प्रोटॉन बाहेर फेकायचा पंप असतो, एफओएफवन एटीपेज, पण तो एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर, चालतो आणि एटीपीला साखर लागते. आम्ही पेशींना नुसत्या ॲसिड आणि मिठाच्या पाण्यात सोडलं होतं, खायला काहीच नव्हतं. आयर्लंडमधल्या एका ग्रुपचा २००५ चा पेपर आहे, रॅम्नोसस जीजी या लॅक्टोबॅसिलसच्या स्ट्रेनवर (स्ट्रेन म्हणजे एकाच जातीतला ठरावीक वाण), पीएच २ च्या कृत्रिम जठररसात नुसतं ग्लुकोज घातलं तर जिवंत पेशींचं प्रमाण लाखो पटीनं वाढलं. पुढच्या सेटमध्ये ग्लुकोज घालायचंच. आपल्याकडे एनसीएलमधल्या (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या जंतुसंग्रहाकडून आणलेला लॅक्टोबॅसिलसचा कल्चर आहे, तो कंट्रोल म्हणून घेऊ.

२८ जानेवारी

डिपार्टमेंटमध्ये सध्या दुसरा विषयच नाही. सिंहगड रोडकडे जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) संशयित पेशंट शंभरच्या वर गेलेत, काहींच्या स्टूलमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जुलाबाचा जंतू सापडलाय, कॅन्टीनमध्ये सगळे पाणी उकळलंय का विचारून पितायत. दुपारी मॅडमनी त्यावरूनच आमचा क्लास घेतला आणि प्रोजेक्टला वळण लागलं.

त्यांचं म्हणणं असं की जठराचं ॲसिड चांगला वाईट ओळखत नाही, रोगजंतू आणि प्रोबायोटिक दोघांना एकाच दारातून जायचंय, आणि रोगजंतूंवर हा अभ्यास आपल्या आधी कितीतरी वर्षं झालाय, तो वाचा. कॅम्पायलोबॅक्टर तसा ॲसिडला नाजूक. तरी १९८१ साली इंग्लंडमध्ये एका डॉक्टरनं स्वतः फक्त ५०० जंतू घेतले आणि आजारी पडला. घेतले कशातून, तर दुधातून. कॉलऱ्याचं पण तसंच, व्हॉलंटियरना नुसते जंतू दिले तर प्रचंड डोस लागायचा, सोडियम बायकार्बोनेटबरोबर (खायचा सोडा) दिले की दहा लाखात काम व्हायचं, म्हणजे हजारो पटींचा फरक. आणि १८९२ मध्ये म्युनिकच्या पेटेनकोफरनं कॉलऱ्याचं कल्चर भर लोकांसमोर प्यायलं, जंतूमुळे कॉलरा होतो हे कॉखचं म्हणणं खोटं ठरवायला, तेव्हा त्यानंही आधी सोडा घेतला होता, पोटातल्या ॲसिडनं जंतू मेले असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून. जुलाबावर निभावलं त्याचं. माणूस चुकीच्या बाजूला होता पण प्रयोगाची मांडणी आमच्यापेक्षा बरी, कारण त्यानं बफरचा, म्हणजे ॲसिड झेलून घेणाऱ्या पदार्थाचा, विचार केला आणि आम्ही पीएच १.२ च्या पाण्यात कॅप्सूल सोडून बसलोय.

उपाशी पोटी पीएच १ ते २ च्या आसपास असतो हे खरं, पण जेवल्यावर तो ४-५ च्या वर जातो आणि मग दोन-तीन तासात हळूहळू खाली येतो. आणि उपाशी पोटी नुसतं पाणी प्यायलं तर ते जठरात थांबत पण नाही फार, अर्धा ग्लास दहा-वीस मिनिटात पुढे सरकतो. म्हणजे पीएच कडक तेव्हा मुक्काम कमी, मुक्काम जास्त तेव्हा पीएच मऊ, निदान सुरुवातीला. दोन्हीकडचं वाईट एकत्र करून पीएच १.२ ला दोन तास ठेवणं हे कुठल्याच माणसाच्या पोटात होत नसावं. तरी इंटरनेटवर "आमच्या स्ट्रेननं पीएच १.५ मध्ये तीन तास काढले" अशा जाहिराती भरपूर.

४ फेब्रुवारी

नवी पद्धत ठरली, इन्फोजेस्ट. युरोपातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये काढलेला आणि २०१९ मध्ये सुधारलेला कॉमन प्रोटोकॉल, जेणेकरून प्रत्येकानं आपापलं पोट बनवू नये. तोंडाची स्टेप २ मिनिटं, मग जठर पीएच ३ ला २ तास, पेप्सिन मिलीला २००० युनिट, मग लहान आतडं पीएच ७ ला २ तास, पॅन्क्रियाटिन आणि १० मिलीमोलर पित्तक्षार. सगळं ३७ अंशाला, हलतं. पीएच ३ हा सुद्धा सरासरी काढलेला आकडा आहे, खरं पोट घसरत जातं, पण निदान जगाशी तुलना करता येते.

चार सेट: पाण्याबरोबर, ग्लुकोज घातलेल्या पाण्याबरोबर, दुधाबरोबर, आणि मेसच्या वरणभाताचा मिक्सरमधून काढलेला रगडा. वरणभात ही स्नेहलची आयडिया, मॅडम हसल्या पण हो म्हणाल्या.

आजचा सगळ्यात भारी भाग दूध. पीएच ६.६-६.७ च्या दुधात ॲसिड थेंब थेंब सोडत होतो, पाण्याला जेवढ्या थेंबात पीएच ३ झाला तेवढे थेंब दुधात टाकले तर मीटरचा आकडा जेमतेम हलला. टाकत राहिलो, ५ च्या खाली आल्यावर दुधाच्या अंगात बारीक रवा दिसायला लागला आणि ४.६ च्या आसपास एकदम फाटलं, पांढरे गोळे वर आणि खाली हिरवट पाणी. केसीनचा (दुधातलं मुख्य प्रोटीन) आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला ते गोळा होतं तो, बीएस्सीला पाठ केला होता, मीटर समोर ठेवून बघताना मजा आली. आता भानगड अशी की जंतू त्या गोळ्यात अडकून बसतात, वरचं पाणी प्लेट केलं तर काउंट खोटा कमी येतो. गोळ्यासकट सगळं निर्जंतुक पिशवीत चुरडून मग डायल्युशन करायचं ठरलं. पण पोटात तेच अडकणं फायद्याचं असणार ना, गोळ्याच्या आतल्या जंतूपर्यंत ॲसिड पोचायला वेळ लागतो.

७ फेब्रुवारी

प्लेट मोजल्या. अ, पाण्याबरोबर पीएच ३ ला: चांगलाच घसरला पण कोरा नाही. ग्लुकोज घातलेल्या पाण्यात त्याहून बरा. दुधात आणखी बरा, पहिल्या तासात जवळजवळ तसाच. वरणभात मधे कुठेतरी. एनसीआयएमवाला कल्चर पण याच क्रमानं गेला, म्हणजे हे एका कंपनीचं नाही.

म्हणजे तीच कॅप्सूल, आणि शेजारी काय आहे त्यावर उत्तर हजार पटीनं वरखाली. २०११ चा एक पेपर मॅडमनी दिला होता, कृत्रिम पचनसंस्थेत कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास, जेवणाबरोबर आणि जेवणानंतर अर्ध्या तासानं अशा सोडल्या होत्या. आधी किंवा बरोबर बरं, नंतर सगळ्यात वाईट, आणि थोडी फॅट असलेलं दूध-ओट्स हे सफरचंदाच्या ज्यूसपेक्षा आणि साध्या पाण्यापेक्षा सरस. त्यातल्या यीस्टला मात्र कशानंच फरक पडला नाही. नंतर का वाईट, तर तोवर जेवणामुळे ॲसिड सुटायला लागलेलं असतं आणि बफर संपत आलेला असतो, कॅप्सूल नेमकी तेव्हा पोचते आणि बाकी जेवणासोबत शेवटपर्यंत अडकते. माझी आई गोळ्या "जेवण खाली बसलं की" घेते, तिला फोन करून सांगितलं, ती म्हणाली डॉक्टरांनी सांगितलं तर बदलेन.

१३ फेब्रुवारी

पित्त. ऑक्सगॉल म्हणजे बैलाच्या पित्ताची वाळवलेली पावडर, हिरवट पिवळी, वास असा की लॅमिनारचा (निर्जंतुक हवेच्या कपाटाचा) पंखा लावून पण मामा दार उघडून गेले. ०.३ टक्के हा बहुतेक पेपरात असतो तो वेगळा सेट केला, शिवाय इन्फोजेस्टचा आतड्याचा टप्पा सलग.

मला वाटायचं ॲसिड संपलं की सुटलो. तसं नाहीये. पित्त म्हणजे डिटर्जंटच, चरबी सुटी करायचं त्याचं काम, आणि जंतूचं मेम्ब्रेन पण चरबीचंच. ताजे, ॲसिड न पाहिलेले लॅक्टोबॅसिलस ०.३ टक्क्यात बऱ्यापैकी टिकले. तेच ॲसिडमधून दोन तास काढून आलेले टाकले तर धडाधड पडले. ॲसिडनं मारलं नव्हतं, पण जखमी केलं होतं, आणि पित्तानं उरलेलं काम केलं. त्यामुळे ज्या पेपरात ॲसिड आणि पित्त वेगवेगळ्या नळीत करून "दोन्हीला रेझिस्टंट" लिहिलंय ते आता संशयानं वाचते. काही स्ट्रेनकडे बाईल सॉल्ट हायड्रोलेज असतं, ते पित्तक्षाराचा अमिनो ॲसिडचा तुकडा तोडून टाकतं, आयसीएमआर-डीबीटी या सरकारी संस्थांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ॲसिड आणि पित्ताच्या टेस्टबरोबर या एन्झाईमची टेस्ट पण सांगितलीये. बिफिडोमध्ये पण सगळे सारखे नाहीत, ॲनिमॅलिस लॅक्टिस दणकट, लाँगम नाजूक, आणि म्हणूनच प्रॉडक्टमध्ये पहिला जास्त दिसतो असं माझं मत.

ब आणि क इथेही ढिम्म. पण मॅडमनी विचारलं, स्पोअर जिवंत आहेत हे ठीक, ते काही करतायत का? त्यामुळे एक जास्तीची टेस्ट: तोच सॅम्पल तापवून आणि न तापवता दोन्ही प्लेट करायचा. स्पोअर उगवला की तो साध्या पेशीसारखा होतो आणि ७५ अंशाला मरतो, त्यामुळे तापवलेल्याचा काउंट न तापवलेल्यापेक्षा जेवढा कमी तेवढे उगवलेले. जठराच्या टप्प्यात दोन्ही सारखे, आतड्याच्या टप्प्याच्या शेवटी थोडा फरक पडायला लागला. स्पोअरच्या पोटात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक ॲसिड गच्च भरलेलं, बाहेर प्रोटीनचे थर, तो ॲसिडला दाद देत नाही कारण त्याचं काहीच चालू नसतं. दोन तासात सगळे जागे होतील ही अपेक्षाच चुकीची.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी. आज शेजारच्या बिल्डिंगमध्ये फार्मसीवाल्यांकडे, त्यांचं डिसइंटिग्रेशन मशीन मागून. सहा नळ्यांची बास्केट वरखाली होत राहते, खाली ३७ अंशाचं ०.१ नॉर्मल ॲसिड.

अ ची जिलेटिन कॅप्सूल काही मिनिटात मऊ पडली, टोकाला फुगली आणि फुटून पावडरचा ढग बाहेर. म्हणजे साधी कॅप्सूल ही जंतूंचं संरक्षण करत नाही, फक्त गिळायची सोय. ई तासभर तशीच, दोन तासांनी पण कवच शाबूत, फक्त जोडाजवळ ओलसर. मग बीकर बदलून ६.८ चं फॉस्फेट बफर, तिथे उघडली. असले कोटिंग वेगवेगळ्या पीएचला उघडणारे मिळतात, फार्मसीच्या सरांनी दाखवले, युड्रॅजिट एल १०० हा ६ च्या वर विरघळतो, एस १०० हा ७ च्या वर. पण ॲसिडमधून वाचली म्हणून पित्तातून वाचली असं नाही, कवच उघडतं ते पित्ताच्याच गावात. ई चा शेवटचा काउंट अ च्या पाण्याबरोबरच्या सेटपेक्षा कितीतरी वर, मात्र अ दुधाबरोबर घेतला तर दोघांमधलं अंतर एवढं कमी होतं की किमतीतला फरक डोळ्यात येतो.

लहान मुलांना कॅप्सूल फोडून देतात ते आठवलं, ई फोडून दिली तर ती अ च झाली. आणि गरम दुधात तर नकोच, स्पोअर सोडले तर बाकी सगळे दुधातच संपतील.

६ मार्च

आल्जिनेटचे (समुद्री शेवाळातला डिंकासारखा पदार्थ) मणी, आत जंतू कोंडून ॲसिडपासून वाचवायला. हे करायचं ठरलं नव्हतं, पण वेळ होता आणि स्नेहलला हातानं काहीतरी करायचं होतं. २ टक्के सोडियम आल्जिनेटमध्ये एनसीआयएमचा कल्चर कालवायचा, सिरिंजमधून ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराईडमध्ये थेंब पाडायचे. थेंब पाण्याला लागला की जागेवर घट्ट, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. सुई जवळ धरली की मण्याला शेपूट येते, लांब धरली की चपटा होतो, हात बसायला वेळ लागला. आल्जिनेट ढवळायला पण, वरून घातलं की गुठळ्या, रात्रभर ठेवावं लागतं.

मणी ॲसिडमध्ये आक्रसतात आणि फॉस्फेट बफरमध्ये फुगून विरघळतात, म्हणजे कागदावर आयडियल. प्रत्यक्षात फायदा झाला पण पेपरात वाचतो तेवढा नाही. जेल सच्छिद्र आहे, प्रोटॉन इतका छोटा की तो उशिरा का होईना आत पोचतोच. बाहेरून कायटोसानचा थर दिला तर थोडं सुधारलं. मणी मोठे केले तर आतले जास्त वाचतात पण खाताना दाताखाली येतात, अगदी बारीक केले तर संरक्षणच उरत नाही. श्रीखंडात घालून बघू का असं स्नेहल म्हणाली, मॅडमनी नुसतं बघितलं.

१२ मार्च

उद्या होळी, अर्धं डिपार्टमेंट गावाला. आज दही. प्रोजेक्टमध्ये नव्हतं, पण ज्याला सांगावं तो विचारतो, "मग घरचं दही खाल्लं तर?"

विरजणातले जंतू प्रत्येक घरी वेगळे, बाजारच्या योगर्टमध्ये ठरलेली जोडी, बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. ही जोडी पोटातून पार व्हायला फारशी तयार नाही, आमच्याकडे पण धुतलेल्या पेशी पीएच ३ ला लवकर गेल्या, दह्यासकट टाकल्या तेव्हा बऱ्या राहिल्या आणि मग पित्तात गळल्या. इथपर्यंत वाचलं तर वाटेल दही बाद. पण ज्यांना दुधानं पोट फुगतं त्यांना दही चालतं हे सगळ्यांना माहितीये, आणि ते नीट सिद्ध झालेलं आहे, युरोपच्या ईएफएसए या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये हा दावा मान्य केला, ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जंतू असतील तर. यंत्रणा बघा: जंतूच्या पोटात लॅक्टेज आहे, पित्त लागून त्याचं मेम्ब्रेन फाटतं आणि ते लॅक्टेज नेमकं लहान आतड्यात लॅक्टोज फोडायला मोकळं होतं. जठरापर्यंत जिवंत राहून पुढे मरणं हेच इथे उपयोगाचं. आमच्या टेबलमध्ये मात्र हे "सर्व्हायव्हल कमी" म्हणून येणार. तळटीप द्यायची असं ठरवलंय, मॅडम म्हणाल्या तळटीप नको, डिस्कशनमध्ये एक अख्खा परिच्छेद लिही.

२१ मार्च

डिस्कशन लिहितेय. पोचले, पुढे काय? आमच्या शेवटच्या नळीत समजा १०० कोटी पोचले असं धरलं. माणसाच्या शरीरात जंतू अंदाजे ३८ लाख कोटी, २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी नव्यानं काढलेला आकडा, आणि त्यातले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. म्हणजे आपल्या एका पाहुण्यामागे तिथले ३८ हजार रहिवासी. तिथल्याच दुसऱ्या गटानं २०१८ मध्ये एंडोस्कोपी करून थेट आतड्याच्या अस्तरावर बघितलं, तर ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक घेऊन काही लोकांत ते टिकले, काहींच्या आतड्यानं थाराच दिला नाही, आणि स्टूल बघून यातलं कोण कोणत्या गटात ते नीट सांगता येत नव्हतं, स्टूलमध्ये दोघांच्याही दिसत होते. त्यामुळे "स्टूलमध्ये सापडला म्हणजे वसला" हे वाक्य मी खोडलं. पाहुणे राहून काम करून जातात हे पुरेसं असू शकतं, बहुतेक घेणं बंद केलं की हळूहळू गायब होतात.

ड बद्दल दोन ओळी जास्त लिहिल्या. यीस्ट असल्यामुळे बॅक्टेरियावरच्या अँटिबायोटिकनं तो मरत नाही, अँटिबायोटिकबरोबर लिहून द्यायला हे सोयीचं, बाकीच्यांना दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. पण सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) लावलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या पेशंटना तो देऊ नये, रक्तात गेल्याच्या केसेस आहेत. ॲसिड, पित्त सगळं पचवणारा जीव आहे म्हटल्यावर तो नको तिथे पण जगणार.

२८ मार्च

मॅडमनी ड्राफ्ट परत दिला, लाल शाईनं भरून. टायटल होतं "बाजारातील प्रोबायोटिक उत्पादनांची जठरातील सहनशीलता", ते बदलून "वेगवेगळ्या आहार-स्थितीत" असं जोडायला लावलं. मुख्य टेबल पण उलटं करायला सांगितलं: आधी प्रॉडक्टप्रमाणे ओळी होत्या, आता पाणी, ग्लुकोज, दूध, वरणभात याप्रमाणे ओळी आणि प्रॉडक्ट आडवे. उलटं केल्यावर एका नजरेत कळतं की ब, क, ड चे रकाने वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखे आहेत आणि अ चा रकाना ओळीगणिक बदलतो. पीएच १.२ चा सेट त्यांनी काढू दिला नाही, पहिल्या ओळीत ठेवायला लावला, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) विचारतीलच म्हणून.

पाडव्याच्या आधी बाइंडिंगला द्यायचंय. राहिलेले मणी दोन डब्यात भागलेत, एक फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, एक बाहेर कपाटात, एप्रिल-मेचा उन्हाळा खाऊन कपाटातल्यांचं काय होतं ते जूनमध्ये ज्युनियर मोजणार आहेत. झिरो डेचे काउंट लॉगबुकच्या शेवटच्या पानावर आहेत, मण्यांना प्लेट करायच्या आधी फॉस्फेट बफरमध्ये पूर्ण विरघळू द्या, घाई केली तर काउंट कमी येईल.